आधी गाऱ्हाणं, मग स्तुती

खिशात मावणारा छोटा नवा करार जळगाव-भुसावळकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत सापडतो. कुणाला तो शाळेत मिळालेला असतो, कुणाला दवाखान्यात, कुणाला रेल्वेच्या वसाहतीत वाटणाऱ्यांकडून. त्याच्या शेवटच्या पानांमागे एक निवड दडलेली असते. प्रोटेस्टंट बायबलच्या जुन्या करारात 39 पुस्तकं आहेत. त्यांतली या छोट्या प्रतीला जोडलेली बहुधा दोनच: स्तोत्रसंहिता आणि नीतिसूत्रे. मोशेचं नियमशास्त्र नाही, राजांचा इतिहास नाही, यशयासारखा थोर संदेष्टाही नाही. आजारपणात, प्रवासात, मयताच्या घरी माणसाला काय लागेल याचा कुणीतरी विचार केला आणि स्तोत्रं ठेवली.

ठेवली सगळी, पण वाचली जातात थोडी. 23वं, 91वं, 103वं, 121वं ही लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. 150वं तर झांजांसकट गाता येतं. बाकीची बरीचशी पानं करकरीत राहतात. या प्रकरणात माझं म्हणणं एवढंच, की स्तोत्रांतली स्तुती खरी कळायची असेल तर आपण वगळतो ती स्तोत्रं आधी वाचायला हवीत. आणि हे वाचन मराठी माणसाला, त्यातही खानदेशातल्या माणसाला, जड जाऊ नये.

आधी ग्रंथाची ठेवण पाहू. 150 स्तोत्रं पाच भागांत विभागलेली आहेत. 41, 72, 89 आणि 106 या क्रमांकांपाशी एकेक भाग संपतो आणि तिथे देवाचा धन्यवाद करून समेवर यावं तसं थांबलेलं असतं. 73 स्तोत्रांच्या माथ्यावर दाविदाचं नाव आहे, 12 वर आसाफाचं, 11 वर कोरहाच्या वंशजांचं, एकावर मोशेचं. ही नावं कवीची सही समजायची की परंपरेची खूण, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण हा संग्रह एका माणसानं एका बैठकीत लिहिलेला नाही, एवढं नक्की. कित्येक पिढ्यांनी ही गाणी आधी गायली, मग ती लिहून ठेवली गेली. आसोद्यात जन्मलेल्या आपल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरात-शेतात सुचलेली त्यांची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली आणि त्या गेल्यानंतर, 1952 मध्ये, पुस्तक निघालं. गाणं आधी आणि कागद मग, हा क्रम आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

कोरहाच्या नावापाशी क्षणभर थांबायला हवं. हा कोरह मोशेविरुद्ध बंड करून उठला आणि जमिनीनं त्याला गिळलं, अशी कथा गणना या पुस्तकात आहे. त्याचे मुलगे मात्र वाचले, असंही तिथेच पुढे म्हटलंय. त्या बंडखोराचे वंशज पुढे मंदिरातले गायक झाले. देवाला सर्वांत कडवे प्रश्न विचारणारं स्तोत्र त्यांच्याच नावावर असावं, याचं मला नवल वाटत नाही. त्या स्तोत्राकडे आपण पुढे येणारच आहोत.

प्रकारवारी लावली तर एक तृतीयांशाहून जास्त स्तोत्रं रडगाण्याची निघतात. इथे ‘रडगाणं’ हा शब्द मी जपून वापरतोय. त्यात तुच्छता नाही. आजारी माणूस, खोट्या आरोपात अडकलेला माणूस, मित्रानं दगा दिलेला माणूस, म्हातारपणी टाकला जाईन या भीतीनं झोप उडालेला माणूस, हे सगळे इथे बोलतात. बोलतात ते थेट देवाशी, मध्ये आडपडदा न ठेवता.

13वं स्तोत्र घ्या. फक्त सहा वचनं, चहा निवायच्या आत वाचून होतं. पहिल्या दोन वचनांत एकच प्रश्न चार वेळा येतो: कुठवर? देव मला कुठवर विसरणार, कुठवर तोंड फिरवणार, मी कुठवर मनातल्या मनात झुरायचं, वैऱ्यानं कुठवर माझ्या उरावर बसायचं? तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणी आहे. माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड येऊ दे, नाहीतर मी मेलोच समज. आणि पाचव्या वचनाला गाणारा एकदम वळतो. माझा भरवसा तुझ्या दयेवर आहे, म्हणतो, मी गाणार.

चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये काय घडलं? वैरी गाव सोडून गेला? ताप उतरला? स्तोत्र त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. काही अभ्यासकांचा तर्क असा, की त्या जागी मंदिरातला याजक उठून देवाच्या नावानं धीर देत असावा आणि त्याचे शब्द लिहिलेले नसावेत. तर्क चांगला आहे, पण मला त्याची गरज वाटत नाही. वळणाचं बी गाऱ्हाण्यातच आहे. चार वेळा ‘कुठवर’ विचारायलासुद्धा समोर कुणीतरी ऐकतंय हे धरून चालावं लागतं. ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्याच्याशी कुणी भांडत बसत नाही. माणूस उठून निघून जातो. 13व्या स्तोत्रातला माणूस उठून गेलेला नाही. म्हणून पाचवं वचन त्याच्या तोंडी शोभतं. हेच वचन पहिली चार गाळून नुसतं गायलं, तर ते खोटं ठरत नाही, पण पोकळ वाजतं.

हे आपल्याला कळायला सोपं जावं असं मी म्हणतो ते आपल्या कानांवर काय संस्कार आहेत हे पाहून. देवाशी भांडण हा मराठी भक्तीचा जुना बाणा आहे. नामदेव विठ्ठलावर रुसतात, तुकोबा त्याला घेणेकऱ्यासारखे धारेवर धरतात, आणि त्यात कुणाला पाखंड दिसत नाही. नारायण वामन टिळकांना ही नस बरोबर सापडली होती. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग रचले, भजनं रचली, आणि आज मराठी मंडळ्यांच्या हातात असणाऱ्या ‘उपासना संगीता’त त्यांचा वाटा मोठा आहे. मिशनऱ्यांनी आणलेल्या पाश्चात्त्य चालींवरची गीतं पेटीवर बसवताना जी ओढाताण होते, ती टिळकांच्या भजनात होत नाही. टाळ-ढोलकी आपसूक लागते.

टिळकांचं जळगावशी एक वेगळंच नातं आहे, आणि ते चर्चमधून आलेलं नाही. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे ‘बालकवी’ झाला. टिळकही त्या संमेलनात होते. पुढे हा मुलगा अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ते घर ओळखीचं आहे. बालकवी काही ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांच्या निसर्गकवितेत स्तोत्रं शोधायला जाणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. पण 104वं स्तोत्र वाचताना त्यांची आठवण येते खरी. डोंगरातले झरे, पाणी प्यायला आलेली रानटी गाढवं, फांद्यांत गाणारी पाखरं, रात्री शिकारीला निघणारे सिंह आणि सकाळी कामाला निघणारा माणूस, हे सगळं त्यात एका दमात येतं. उपदेश जवळजवळ नाहीच. डोळे उघडे ठेवणं हीच तिथे स्तुती. 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली बालकवी गेले, आणि त्यानंतर वर्षभरानं, 9 मे 1919 रोजी, टिळक.

त्याच 1919 साली पुण्यातले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी आपल्या संतांच्या 108 रचना इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाला नाव दिलं ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’, म्हणजे मराठी संतांची स्तोत्रं. टिळक स्तोत्रांच्या जागी अभंग आणत होते आणि हा परदेशी माणूस अभंगाला स्तोत्राच्या पंक्तीत बसवत होता. दोघांना एकाच ठिकाणी साम्य दिसलं.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं ही त्यांची धडपड होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, जिथे दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा राहत, तिथल्याच छापखान्यात काम चाललं होतं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, त्याआधी अनुवाद हातावेगळा झाला होता. छापील ग्रंथ 1924 मध्ये आला. नवरा, भाऊ आणि शेवटी एकुलती मुलगी मनोरमा, इतक्यांना पोचवलेली ही बाई. स्तोत्रसंहितेतलं गाऱ्हाणं तिला परकं वाटलं नसणार.

आता भूगोलाकडे. स्तोत्रांची भूमी कोरडी आहे, पाऊस मोजका आहे, आणि हिरवळ म्हणजे नवलाची गोष्ट. युरोपातल्या ओल्या कुरणांवर बसून या ओळी वाचणाऱ्याला जे तळटिपेतून कळतं ते जळगावच्या मे महिन्यात आपसूक कळतं. 121वं स्तोत्र दिवसा उन्हाची बाधा होणार नाही असं वचन देतं. पारा 45 अंशांपलीकडे गेलेला असताना भुसावळच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला हे अलंकारिक वाटत नाही.

पहिल्या स्तोत्रातलं झाड तर धुळ्याच्या माणसानं नक्की पाहावं. देवाच्या वचनाचं मनन करणारा माणूस पाण्याकाठच्या झाडासारखा असतो, असं तिथे म्हटलंय. आपल्या डोळ्यांपुढे नदीकाठचं भलंमोठं वडाचं झाड येतं. पण ते झाड आपोआप रुजलेलं नाही, कुणीतरी लावलेलं आहे, आणि पाणी आहे ते पाटाचं. पांझरेवर आणि आसपासच्या नद्यांवर शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत आठवा. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, खाली शेतीचे फड, प्रत्येक फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला आणि वळवायला गावानं नेमलेला पाटकरी. पाट दरवर्षी गाळ काढून साफ ठेवावा लागतो, नाहीतर बंधाऱ्यात पाणी असूनही शेवटच्या शेताला ओल मिळत नाही. मनन म्हणजे नेमकं हे. रोज थोडं पाणी, ठरल्या वेळी, ठरल्या पाटानं. स्तोत्रसंहितेच्या दारातच हे झाड लावून ठेवलंय, कारण पुढची 149 स्तोत्रं भावनेच्या पुरात वाहून जायची नाहीत. ती पाळीपाळीनं, सवयीनं वाचायची आहेत.

126वं स्तोत्र आणखी जवळचं. त्यात परतलेल्या कैद्यांचा आनंद आहे आणि लगेच मागणी आहे, की दक्षिणेच्या कोरड्या ओढ्यांना पाणी यावं तसे आमचे दिवस फिरव. मग पेरणी येते: रडत बी घेऊन जाणारा माणूस. पेरताना कुणी का रडावं, हे शहरातल्या वाचकाला विचारावं लागतं. उधारीवर कपाशीचं बियाणं घेऊन पहिल्या पावसावर टोबणी केलेली, पुढचे पंधरा दिवस ढग नाही, आता दुबार पेरणीसाठी घरात खायला ठेवलेलंही मोडायचं, अशा घरात हा प्रश्न उठत नाही. आणि हे स्तोत्र कुठे आहे पाहा. 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमच्या वाटेवर यात्रेकरूंनी गायची गाणी मानली जातात. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघालेली मुक्ताबाईची पालखी महिनाभर चालते. तापीकाठच्या लोकांना चालत गाणं म्हणजे काय हे ठाऊक आहे. ही पंधरा स्तोत्रं म्हणूनच आखूड आहेत, दमाला बेतलेली, धापा टाकतही म्हणता येतील अशी.

आता कोरहाच्या वंशजांचं ते 88वं स्तोत्र. हे एकच असं आहे जे शेवटपर्यंत वळत नाही. रात्रंदिवस हाक मारली, उत्तर नाही, आप्त दुरावले, आणि शेवट अंधारात. धीराचं वाक्य नाही, स्तुतीचं वचन नाही. ज्यांनी हा संग्रह लावला त्यांना ते गाळता आलं असतं, गाळलं नाही. मंदिराच्या गीतपुस्तकात अशा माणसासाठीही जागा आहे, ज्याला आज गाता येत नाही. मला विचाराल तर अख्ख्या संग्रहातलं सर्वांत दयाळू संपादन हेच.

137व्या स्तोत्राचं काय करायचं, हा प्रश्न याहून अवघड. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांचं ते गाणं सुरुवातीला काळीज हलवतं, आणि शेवटच्या वचनात शत्रूच्या तान्ह्या बाळांबद्दल असं काही म्हणतं की वाचणाऱ्याचा आवाज अडखळतो. 109वं, 58वंही त्याच जातीची. शत्रूवर प्रीती करा असं सांगणाऱ्या ख्रिस्ताच्या अनुयायानं हे कसं म्हणायचं? दोन सोप्या वाटा आहेत, आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक, ती वचनं गाळून वाचायची. दुसरी, शत्रू म्हणजे आपल्यातलं पाप असा अर्थ लावून मोकळं व्हायचं. घरदार जाळलं गेलेल्या माणसाच्या मनात सूड उठतोच. स्तोत्र तो सूड हातात घेत नाही, देवापुढे टाकतं. कोयता उचलण्याऐवजी तोंडानं ओरडून मोकळं होणं, एवढं तरी त्यात आहे. तिथून पुढची वाट ख्रिस्त दाखवतो, पण त्या वाटेवर निघायला आधी मनातला राग मान्य करावा लागतो.

ख्रिस्ती माणूस ही स्तोत्रं वाचतो ती अखेर उसनी घेतलेली. ती आधी यहुद्यांची, आणि आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल कुटुंबांच्या प्रार्थनेत ती पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. आपल्याकडे ती येशूच्या हातून आली. शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह गीत गाऊन तो जैतुनाच्या डोंगराकडे निघाला, असं मार्क लिहितो. वल्हांडणाच्या रात्री 113 ते 118 ही स्तोत्रं गायची यहुदी रीत पाहता ती हीच असावीत असं परंपरा मानते. आणि वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते 22व्या स्तोत्राचं पहिलं वचन, देवानं टाकून दिल्याचं. लूकच्या वृत्तांतात शेवटचा श्वास 31व्या स्तोत्रावर जातो. मरताना त्याला नवे शब्द शोधावे लागले नाहीत. पाठ होते तेच आले. चौथ्या शतकातल्या अथनेशियसनं मार्सेलिनस नावाच्या आजारी स्नेह्याला पत्र लिहिलं, त्यात स्तोत्रं म्हणजे आपलं मन दाखवणारा आरसा, असं समजावलं होतं. 22वं स्तोत्र मात्र आरशाच्या पलीकडे जातं. त्यात आपल्याआधी तो उभा असतो.

एवढं सगळं पार करून मग 146 ते 150 या शेवटच्या पाच स्तोत्रांपाशी यावं. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट हालेलुयानं. 148व्यात सूर्य-चंद्रापासून गारा, हिम, वादळ, फळझाडं, गुरंढोरं, सरपटणारे जीव, राजे आणि म्हातारेकोतारे सगळ्यांना हाका मारून बोलावलंय. 150व्यात कर्णा, वीणा, डफ, नाच, बासरी आणि दोन तऱ्हेच्या झांजा. इथे मागणी एकही नाही, गाऱ्हाणं एकही नाही. संग्रह लावणाऱ्यांनी विलाप सुरुवातीच्या भागांत दाटीनं ठेवला आणि स्तुती शेवटी मोकळी सोडली. ही चढण आहे. आपण बहुतेक वेळा गाडीनं थेट माथ्यावर उतरतो आणि वर काही विशेष नाही म्हणून परत येतो.

वाचायची रीत सोपी आहे. दिवसाला पाच स्तोत्रं घेतली तर तीस दिवसांत पूर्ण होतात. बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे चालणारे मठवासी सहाव्या शतकापासून आठवड्याला सगळी दीडशे म्हणत आले. संसारी माणसानं महिना घ्यावा. 119व्याच्या 176 वचनांना दोन-तीन दिवस दिले तरी कुणी हरकत घेणार नाही. मोठ्यानं वाचावं. या कवितेचा ठेका यमकात नाही. एक गोष्ट म्हणायची आणि दुसऱ्या अर्ध्या ओळीत तीच जरा पुढे सरकवून, कधी उलटवून पुन्हा म्हणायची, असा तो आहे. बिशप रॉबर्ट लोथ यांनी 1753 मध्ये तो नियमात मांडला. रविवारी पाळक एक वचन वाचतात आणि मंडळी दुसरं, ती पद्धत या ठेक्याला फार शोभते. घरीही दोघांनी तसं वाचून पाहावं.

धुळे-नंदुरबारकडे स्वीडिश मिशनऱ्यांनी, जळगाव-भुसावळ-चाळीसगावच्या पट्ट्यात अमेरिकन अलायन्स मिशननं मंडळ्या उभ्या केल्या, त्याला आता शंभर वर्षं उलटली. गीतं आहेत, वाद्यं आहेत, आवाज तर आहेतच. उपासनेचा क्रम ठरवणाऱ्या पाळकांना आणि गायन पाहणाऱ्या तरुणांना एकच विनंती आहे. पीक गेलेल्या, नोकरी गेलेल्या, माणूस गेलेल्या घरातले लोकही त्याच बाकावर बसलेले असतात आणि त्यांना दर रविवारी थेट 150वं गायला लावलं जातं. प्रतिवाचनात महिन्यातून एकदा तरी एक विलापस्तोत्र घ्या, मधलं काही न गाळता. सुरुवात 13व्यापासून करा. सहाच वचनं आहेत.